चेक लाईट लागल्यावर

मे महिन्यात कलबुर्गी-बीदरच्या पट्ट्यात दुपारचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीला स्कॅनर जोडला, की कधी कधी पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान उणे ४० अंश दिसते. सोबत कोड असतो पी ०११३, आणि त्याच्यापुढे 'हवेच्या तापमानाचा सेन्सर, सर्किट हाय' असे वर्णन. नवखा मेकॅनिक 'हाय' हा शब्द वाचतो, बाहेरच्या उन्हाकडे बघतो आणि हवा फार तापली असे ठरवून मोकळा होतो. कोड वाचण्यातली पहिली चूक इथेच होते. इथला 'हाय' व्होल्टेजचा आहे.

हा सेन्सर म्हणजे गरम झाल्यावर रोध कमी होणारा एक छोटा तुकडा. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीएम, त्याला एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पुरवतो आणि त्यातले किती व्होल्ट शिल्लक राहिले ते मोजतो. सेन्सर गार असला की रोध जास्त, म्हणून व्होल्टेज जास्त. सेन्सर तापला की व्होल्टेज खाली येते. वायर कुठेतरी तुटली किंवा कपलर निसटला, तर रोध जवळजवळ अनंत होतो, पूर्ण ५ व्होल्ट शिल्लक राहतात आणि ईसीएम आपल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर जाऊन थांबतो. ती ओळ म्हणजे उणे ४०. कलबुर्गीच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीने 'बाहेर उणे ४० आहे' असे सांगितले, तर त्याचा अर्थ एवढाच की सर्किट कुठेतरी तुटले आहे. सेन्सर आतून तुटला, कपलरची पिन मागे सरकली की वायर कुरतडली गेली, हे कोडला माहीत नसते.

ते शोधायला दोन मिनिटे पुरतात. कपलर काढून त्याच्या दोन्ही पिना वायरच्या छोट्या तुकड्याने जोडायच्या आणि पडद्याकडे बघायचे. आकडा उणे ४० वरून एकदम उडी मारून शंभराच्या पार गेला, तर वायरिंग आणि ईसीएम दोन्ही चांगले आहेत आणि दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या पिनांत आहे. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही, वायर शोधावी लागेल. ही दोन मिनिटे न दिल्यामुळे विनाकारण बदललेल्या सेन्सरांचे खोके प्रत्येक जुन्या गॅरेजच्या फळीवर पडलेले असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचे पैसे कोणीतरी गाडीवाल्याने भरलेले असतात. कोड ही तक्रार आहे, निदान पुढेच राहते. या कामातली बहुतेक शहाणीव या एका फरकात आहे.

कोडचे व्याकरण सोपे आहे. पहिले अक्षर विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची चेसिस, यू म्हणजे संगणकांचे आपसातले बोलणे. त्यानंतर शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा लागू, एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा. पुढचा आकडा भाग दाखवतो: १ आणि २ इंधन व हवा, ३ स्पार्क आणि मिसिंग, ४ धुराचे नियंत्रण, ५ वेग आणि आयडलिंग, ६ खुद्द संगणक, ७ आणि ८ गिअर. शेवटचे दोन आकडे नेमकी तक्रार. हे पाठ झाले, की यादी न उघडता अर्धी दिशा कळते.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने आपला दोष आपण सांगावा अशी सक्ती केली, आणि १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा आली. भारतात ही व्यवस्था बीएस-४ या धुराच्या नियमाच्या गाड्यांबरोबर आली. या व्यवस्थेचा पहिला टप्पा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, दुसरा, अधिक कडक टप्पा १ एप्रिल २०१३ ला. बीदरच्या दृष्टीने यात एक मेख आहे. २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत सुरू झाले होते आणि त्या यादीत पूर्वेला हैदराबाद होते, पश्चिमेला सोलापूर होते. मधला बीदर-कलबुर्गीचा भाग नव्हता. देशभर बीएस-४ लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे या भागातल्या रस्त्यावर एकाच सालाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या वेगवेगळ्या निघू शकतात. हैदराबादेत किंवा सोलापुरात नोंदलेली गाडी जुन्या बाजारातून इकडे आली असेल, तर ती कोड सविस्तर बोलते. इथेच नवी घेतलेली तिची बहीण स्कॅनरला मोजकेच उत्तर देते. इथे केए-३८, एमएच-२४ आणि तेलंगणाच्या नंबर प्लेटा एकाच रांगेत उभ्या असतात. गाडीच्या सालाबरोबर ती पहिल्यांदा कुठे नोंदली गेली हेही विचारणारा मेकॅनिक पुष्कळ वेळ वाचवतो.

त्याआधीचा काळ कानाचा आणि हाताचा होता. डिझेलची गाडी म्हणजे मायकोचा पंप आणि मायकोचे नोझल. मायको हे त्या कंपनीचे जुने नाव, २००८ पासून ती बॉश. पण तिच्या नाशिकच्या कारखान्यातून पंपाचे आणि नोझलचे भाग इतकी वर्षे येत राहिले, की दख्खनच्या मिस्त्रींच्या तोंडी कंपनीचे नाव हेच भागाचे नाव झाले. नोझलचा पाईप एकेक करून ढिला करायचा. ज्याचा ढिला केल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. ही युक्ती आजही शिकवण्यासारखी आहे, कारण स्कॅनरमधली सिलिंडर बंद करून बघण्याची चाचणी तेच करते, फक्त पाना न लावता. नव्या कॉमन रेल गाडीत मात्र तो पाईप चालू इंजिनावर कधीच ढिला करू नये. आत हजार बारांहून जास्त दाब असू शकतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. जुन्या सवयीचा हात नव्या गाडीवर पडतो तेव्हा सर्वांत मोठा धोका हाच असतो.

स्कॅनर लावण्याआधी ऐकायचे असते. बीदरच्या गॅरेजमध्ये तक्रार कन्नड, दख्खनी, मराठी किंवा तेलुगू अशा कुठल्याही भाषेत येते, आणि भालकी-औरादकडचा शेतकरी 'उस्ताद, गाडी चढाला दमायली, पिवळी लाईट लागायली' असे सांगतो. या एका वाक्यात दोन नोंदी आहेत. चढाला दमते म्हणजे दोष लोडवर दिसतो. लाईट लागते, म्हणजे संगणकालाही तो दिसला आहे. पुढचे प्रश्न विचारून घ्यायचे: गार असताना की तापल्यावर, टाकी भरल्यानंतर सुरू झाले का, इंजिन धुतले होते का, मध्ये कुठे काम केले का, गाडी किती दिवस उभी होती. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'सुगीत महिनाभर उभी होती' असे आले, तर निम्मा तपास तिथेच झाला. त्याबद्दल पुढे.

स्टिअरिंगखालचे सॉकेट १६ पिनांचे. सोळाव्या पिनेवर बॅटरीचा प्लस, चौथ्या आणि पाचव्यावर अर्थ, सहाव्या आणि चौदाव्यावर कॅनच्या, म्हणजे संगणकांच्या आपसातल्या बोलण्याच्या, दोन तारा. स्कॅनर जोडलाच जात नसेल, तर स्कॅनरला शिव्या देण्याआधी सोळाव्या पिनेवर १२ व्होल्ट आहेत का ते बघावे. अनेक गाड्यांत या पिनेचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटचाच असतो, आणि स्वस्तातला मोबाईल चार्जर तो उडवतो. पॉवर असूनही बोलणे होत नसेल, तर बॅटरी सोडून सहा आणि चौदा या पिनांमधला रोध मोजावा. तो साधारण ६० ओहम यायला हवा, कारण तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर बसवलेले असतात. १२० आला तर एक टोक तुटलेले आहे. जवळजवळ शून्य आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

कोड दिसला की तो लगेच खोडायचा नाही. कोड नोंदवताना ईसीएम त्या क्षणाची स्थिती साठवून ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. त्यात इंजिनाचा वेग, लोड, पाण्याचे तापमान, गाडीचा वेग असे आकडे असतात. घटना कोणत्या स्थितीत घडली याचा तो एकमेव पुरावा. खोडण्याचे बटण दाबले की तोही जातो आणि मग तोच दोष पुन्हा यायची वाट बघत बसावे लागते. गाडी आल्यावर आधी कोड आणि फ्रीज फ्रेम वहीत उतरवणे किंवा मोबाईलवर फोटो काढणे ही सवय ज्या गॅरेजात आहे, तिथे एकच गाडी तीनदा परत येत नाही. कोड पक्का आहे की पेंडिंग, हेही बघावे. बरेच दोष सलग दोन फेऱ्यांत दिसल्यावरच लाईट लावतात. एकदाच दिसलेला दोष पेंडिंगमध्ये पडून असतो, आणि अधूनमधून येणारी तक्रार पुष्कळदा तिथेच सापडते.

त्यानंतर बॅटरी आणि अर्थ. एकाच वेळी सात-आठ कोड, तेही एकमेकांशी संबंध नसलेले, असा प्रकार असेल तर सात-आठ भाग एकदम मेले असे समजू नये. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि चालू गाडीत चार्जिंग पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान. सेल्फ मारताना मीटरची एक सुई बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. पट्टी सोडून सँडपेपरने घासून पुन्हा कसायला पंधरा मिनिटे लागतात, खर्च जवळपास नाही. महाग ईसीएमवर नाव येण्याआधी ही पंधरा मिनिटे द्यावीत.

पेट्रोल गाडीत सर्वांत सरळ कोड मिसिंगचा. पी ०३०० म्हणजे सगळीकडे विखुरलेले मिसिंग, पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या सिलिंडरचे. तिसऱ्या सिलिंडरचा कोड असेल तर तिसऱ्याची इग्निशन कॉईल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावायची, कोड खोडून गाडी चालवायची. कोड ०३०३ चा ०३०१ झाला, तर कॉईल खराब. तिसऱ्यालाच चिकटून राहिला, तर हाच खेळ प्लगशी, मग इंजेक्टरशी करायचा आणि शेवटी कॉम्प्रेशन मोजायचे. यात एक रुपयाही खर्च होत नाही. फक्त एक गोष्ट ग्राहकाला निक्षून सांगायला हवी: चेक लाईट स्थिर असेल तर गाडी हळू गॅरेजपर्यंत आणता येते, पण ती लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग वितळतो. काही शे रुपयांच्या कॉईलचे काम त्यामुळे हजारोंवर जाते.

पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा कोड मात्र बीदरच्या मातीशी जोडलेला आहे. बीदरचे पठार जांभ्याचे. तांबडी, बारीक धूळ उन्हाळ्यात उडते आणि गावाकडच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लवकर भरतो. फिल्टर भरला म्हणून कोड सहसा येत नाही. कोड येतो तो फिल्टर नीट न बसल्यामुळे, किंवा त्याच्या डब्याच्या क्लिपा तुटल्यावर तो वायरने बांधल्यामुळे. फटीतून गेलेली धूळ हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसासारख्या तारेवर बसते. धुळीची झूल पांघरलेली तार हवा कमी मोजते, ईसीएम त्या हिशेबाने पेट्रोल कमी देतो, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर 'पातळ आहे' म्हणतो, आणि ईसीएम पेट्रोल वाढवत जातो. या वाढीला फ्युएल ट्रिम म्हणतात आणि ती टक्क्यांत दिसते. साधारण १० टक्क्यांच्या आत असली तर चालते. २०-२५ वर गेली की ईसीएम हात टेकतो आणि कोड लावतो.

त्याच कोडला आणखी दोन कारणे असतात: मॅनिफोल्डच्या बाजूने कुठूनतरी चोरून शिरणारी हवा आणि पेट्रोलचा कमी दाब. तिघांना वेगळे करण्याची रीत सुंदर आहे. आयडलिंगवर ट्रिम बघावी, मग रेस वाढवून २५०० फेऱ्यांवर बघावी. आयडलिंगला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी झाली, तर हवा चोरून शिरते आहे. चोरवाटेने येणारी हवा ठरावीक असते, एकूण हवा वाढली की तिचा वाटा कमी होतो. उलट रेस आणि लोडबरोबर ट्रिम वाढत गेली, तर सेन्सर मळला आहे किंवा पंप दमला आहे, आणि मग पेट्रोलचा दाब गेजने मोजून निकाल लावावा. सेन्सर मळला असेल तर त्याच्यासाठी मिळणाऱ्या स्प्रेनेच धुवावा. कापडाने किंवा बोटाने पुसला तर तार तुटते. डब्याची क्लिप बदलल्याशिवाय गाडी परत देऊ नये, नाही तर दोन महिन्यांत तीच गाडी त्याच तक्रारीसह परत येते.

अलीकडे या कोडमागे आणखी एक कारण उभे राहिले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेले. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला मिश्र इंधन जास्त लागते. जुन्या हिशेबाची गाडी ट्रिम काही टक्क्यांनी वर नेऊन हे सांभाळते. पण जिची ट्रिम आधीच १५ वर होती, ती आता काठावर येते. इंधन फक्त निमित्त ठरते, दोष जुनाच असतो. ऊस लावणारा ग्राहक 'हे इथेनॉलमुळं झालं का?' असे काळजीने विचारतो, तेव्हा त्याला दोन्ही बाजू सांगणे योग्य.

डिझेलकडे वळले की इथल्या गॅरेजात एक इंजिन वारंवार भेटते. फियाटने विकसित केलेले १२४८ सीसीचे मल्टिजेट. ते पुण्याजवळच्या रांजणगावलाही बनत होते आणि मारुती, टाटा, फियाट अशा वेगवेगळ्या नावांच्या गाड्यांत बसत होते. बीएस-६ आले त्या २०२० मध्ये भारतातल्या कारमधून ते गेले, पण रस्त्यावरून जायला अजून बरीच वर्षे आहेत. कॉमन रेलच्या गाडीतला नेहमीचा कोड पी ००८७: रेलमधला दाब कमी. 'पंप गेला' हे उत्तर यावर लगेच दिले जाते आणि ते बहुतेक वेळा घाईचे असते. क्रम असा ठेवावा. आधी डिझेल फिल्टर. त्याखालचा स्क्रू ढिला करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि बाटली उन्हात धरावी. शेतात पिंपात साठवलेले डिझेल ट्रॅक्टरबरोबर कारमध्येही जाते, आणि पिंपाच्या झाकणावर साचलेले पावसाचे पाणी त्यात उतरते. बाटलीच्या तळाशी पाण्याचा गोल थर स्वच्छ दिसतो. तो ग्राहकाला दाखवावा. शंभर वेळा सांगण्यापेक्षा एकदा दाखवलेली बाटली जास्त काम करते.

फिल्टर ठीक असेल तर पंपाकडे येणाऱ्या पाईपमध्ये हवेचे बुडबुडे आहेत का बघावे, मग इंजेक्टरच्या रिटर्नची परीक्षा करावी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून सारख्या आकाराच्या चार बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन दोन-तीन मिनिटे चालवायचे. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथी निम्मी भरलेली, असे दिसले तर तो इंजेक्टर आतून झिजून दाब गळू देतो आहे. सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण १५० ते २०० बार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडत नाही, म्हणून अशी गाडी कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही आणि ढकलून मात्र होते. पंपावर बोट ठेवायचे ते या सगळ्यानंतर.

अधूनमधून येणारा दोष हा या कामातला सर्वांत थकवणारा भाग. भालकीकडची एक डिझेल गाडी अशीच होती. उदगीरहून परतताना तापली की रस्त्यात बंद पडायची. अर्धा तास उभी ठेवली की जणू काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. कोड पी ०३३५, क्रँक सेन्सरचा. सेन्सर आधी दोनदा बदललेला. गॅरेजात आणल्यावर गाडी कधी बंद पडत नव्हती, त्यामुळे घरच्यांचा मेकॅनिकवरचा विश्वास उडत चालला होता. अशा वेळी एकच मार्ग उरतो, दोष गॅरेजातच घडवून आणणे. बोनेट बंद करून, एसी लावून, गाडी तासभर उभ्या जागी चालत ठेवली. ती बंद पडली. तत्क्षणी सेल्फ मारून पडद्यावर बघितले: इंजिन फिरत होते आणि फेऱ्यांचा आकडा शून्य होता. सिग्नल पोहोचत नव्हता हे नक्की झाले. मग सेन्सरकडून येणारी वायर बोटांत धरून इंचाइंचाने हलके ओढत नेली. इंजिनच्या कंसाला घासून वळणाऱ्या जागी तिचे प्लास्टिक रबरासारखे ताणले गेले. बाहेरून धड असलेल्या कव्हराच्या आत तांबे तुटलेले होते. गार असताना टोके टेकत होती, गरम झाल्यावर दूर जात होती. चार इंच नवी वायर, सोल्डर, वर हीट श्रिंकची नळी आणि कंसापासून दूर नेणारी एक क्लिप, एवढ्यावर काम संपले. दोन सेन्सरांचे पैसे मात्र कोणी परत देत नाही, आणि ग्राहकाला ते बोचत राहते हे मेकॅनिकने समजून घ्यावे.

वायर तोडणारा दुसरा कारागीर म्हणजे उंदीर. तूर निघाली, तुराट्या घराशेजारी रचल्या गेल्या, पोती पडवीत आली, की त्यांच्या मागे उंदीर येतात. थंडीच्या रात्री नुकत्याच थांबलेल्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी मिळत नाही, आणि सुगीत महिनाभर उभी असलेली गाडी तर त्यांचे घरच होते. बोनेट उघडल्यावर बॅटरीच्या ट्रेमध्ये तुरीचे दाणे आणि शेंगांची टरफले दिसली, की पुढे काय सापडणार ते कळते. असा दोष शोधताना सगळे वायरिंग उकलत बसू नये. तुटलेल्या वायरच्या मध्यावर, जिथे कपलर हाताला लागतो तिथे, आधी मोजावे. इथपर्यंत व्होल्टेज आहे का? असेल तर पुढचा अर्धा भाग संशयित, नसेल तर मागचा. उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. चार-पाच मोजण्यांत जागा हाती येते. बीदरजवळच्या नौबादला बहमनी काळातली कारेझ आहे, जमिनीखालून पाणी नेणारा बोगदा, आणि त्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने खोदलेल्या उभ्या विहिरी. त्या विहिरींतून वाकून बघितले की कुठपर्यंत पाणी येते आहे ते कळते. तुंबलेली जागा शोधायला अख्खा बोगदा खणावा लागत नाही. वायरिंगमधले कपलर याच विहिरी आहेत.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांनी एक नवे दुखणे आणले. सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये काजळी अडवली जाते आणि तो भाग सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून ती जाळली जाते. त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. गावातल्या गावात, शाळा-बाजार-दवाखाना एवढीच फिरणारी गाडी मध्येच बंद केली जाते, जळणे अर्धवट राहते आणि पी २४६३, काजळी साचल्याचा कोड येतो. इथे आधी विचारायचे ते वापराबद्दल. टाकीत पुरेसे डिझेल ठेवून हुमनाबादपर्यंत जाऊन ६५ क्रमांकाच्या महामार्गावर अर्धा तास एका वेगाने चालवली, की पुष्कळ गाड्यांचा दिवा आपोआप विझतो. तरीही वारंवार येत असेल तर काजळी एवढी का होते ते शोधावे: टर्बोचा पाईप फाटला आहे का, इंजेक्टर गळतो का, ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडाच अडकला आहे का. डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअरमधून त्याचा कोड दाबून टाकण्याचे काम काही जण करून देतात. ते बेकायदेशीर आहे, आणि त्यातून निघणारा धूर त्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो. चांगल्या गॅरेजने त्याला हात लावू नये.

कोड खोडणे हे शेवटचे काम, आणि त्याने दुरुस्ती संपत नाही. कोड खोडल्यावर ईसीएमच्या अंतर्गत तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, पुन्हा शून्यापासून सुरू होतात. मिसिंगची आणि इंधनाची तपासणी लगेच होते. कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरची तपासणी गार इंजिन, थोडे आयडलिंग, थोडा सलग वेग असा सगळा क्रम मिळाल्यावरच पूर्ण होते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही हे कामाला येते. लाईट बंद आहे पण मॉनिटर अपूर्ण आहेत, तर कोणीतरी नुकताच कोड खोडला आहे किंवा बॅटरी काढली आहे. अशा गाडीचा सौदा त्याच दिवशी करू नये, दोन दिवस चालवून पुन्हा स्कॅनर लावावा.

म्हणून दुरुस्त केलेली गाडी रात्रभर गॅरेजातच उभी ठेवावी. सकाळी गार असताना सुरू करावी, पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे आहे का बघावे, मग गावाबाहेर पंधरा-वीस किलोमीटर जाऊन यावे. परत आल्यावर पेंडिंगमध्ये काही नाही, ट्रिम १० टक्क्यांच्या आत आहे आणि मॉनिटर पूर्ण आहेत, हे पडद्यावर दिसले की वहीत त्या गाडीच्या नावापुढे तारीख, किलोमीटर, आलेला कोड आणि सापडलेला दोष असे चार रकाने भरावेत आणि चावी ग्राहकाच्या हाती द्यावी.